रकाना क्रमांक सहा

परिपत्रक आलं: सप्ताह दयेचा.
सोमवारी आभार, मंगळवारी डबा वाटून खाणे,
बुधवारी मित्रास पत्र,
शनिवारी अहवाल, दोन फोटोंसह.

आमच्या शाळेत डबा कोणी आणत नाही.
सगळ्यांच्या ताटात एकाच पातेल्यातली खिचडी.
तरी मंगळवारी पोरांनी ती
एकमेकांच्या ताटात घातली, परत घेतली,
नियम म्हणजे नियम.
निर्मलाबाई पळी हातात धरून बघत राहिल्या.

तेलाच्या रिकाम्या डब्याला मी वर चीर पाडली.
चांगलं काही केलं की चिठ्ठी लिहायची, आत टाकायची.
दोन दिवसांत डबा गच्च.
'म्या काकाच्या बकरीले पाला देल्ला.'
'म्या आज कोनालेच मारलं नाही. सुट्टीपर्यंत.'
'भाविकाचं रब्बर वापस केलं. ते तिचंच होतं.'
वंश ढोकच्या अकरा चिठ्ठ्या,
त्यातल्या सात एकाच म्हातारीच्या पाण्याच्या गुंडीबद्दल.
म्हातारीला विचारलं, तर म्हणाली,
"पोरगा बेस हाये, पन मले गुंडी एकच लागते."

मारोती कोडापेची चिठ्ठी एकही नाही.
तो मागच्या भिंतीशी बसतो
आणि साडेनऊ झाले की उठतो,
"बाई, पानी प्याले जाऊ?"
दहाला पुन्हा. साडेदहाला पुन्हा.
मार्चातली सकाळची शाळा, म्हटलं तहान असेल.
गुरुवारी मात्र चिडले मी,
फळ्यावर भागाकार अर्धा होता,
"पोटात काय विहीर आहे का रे? बस खाली!"
वर्ग हसला.
तो बसला, दाराकडे बघत.

शाळा सुटली.
पोरं ओट्यावरून धावली चपलांकडे
आणि तव्यावर पाय पडावा तशी उडाली.
"अवं माय वं, पोयलं न!"
पहिलीतली आरू एका पायावर उभी,
चप्पल हातात धरायलाही गरम.

असं कधी झालं नव्हतं.
का झालं नव्हतं,
हे विचारायचं सुचलंही नव्हतं मला
या शाळेतल्या तीन उन्हाळ्यांत.

मारोती माझ्याकडे न बघता म्हणाला,
"ऊन सरकते न बाई.
भितीची सावली सकायी पार निंबापाशी राह्यते,
मंग मांगं मांगं येते.
चपला तिच्यासंगं आनाव लागते."

मग चिठ्ठी का नाही टाकली?
"त्यात काय लिवाचं,"
असं म्हणून स्वतःची चप्पल झटकत गेला,
अंगठ्याशी सुतळी बांधलेली.

शुक्रवारी तोच भागाकार.
साडेनऊला मी खडू खाली ठेवला.
"मारोती, आज तहान नाही लागली?"
त्यानं एकदा नीट बघितलं मला,
खरं विचारते की टोमणा मारते, ते.
मग गेला.
खिडकीतून आवाज येत राहिला,
मातीवरून रबर ओढल्याचा, थांबत थांबत,
आणि बाकी चार राहिली की एक,
मी पोरांदेखत चुकले.

वर्गात काही जाहीर केलं नाही.
टाळ्या वाजल्या असत्या,
आणि सोमवारपासून
सगळ्या वर्गाला एकदम तहान लागली असती.

फोटो दोन पाठवले: खिचडीचा आणि डब्याचा.
रकाना क्रमांक सहा, लाभार्थी संख्या.
मी लिहिलं, सदतीस जोड.
मग आठवली ती एकटी,
उजव्या पायाची, दिवाळीपासून तिथंच पडलेली,
कोणाची, ते कोणालाच ठाऊक नाही.
तीही तो सरकवतो.